पन्नास रुपयांची पोफळ

पन्नास रुपये! श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाडीत पिढीभर उभी असलेली, मुलांच्या फिया आणि म्हाताऱ्यांची औषधे भागवणारी पोफळ ३ जून २०२० च्या दुपारी मुळासकट उपटली गेली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने तिचा मोबदला ठरवला पन्नास रुपये. माडाला अडीचशे. एवढा दर पदरात पडायलाही बागायतदारांना अडीच महिने ओरडावे लागले, कारण त्याआधीचा हिशेब याहून निर्दय होता. 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटरच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली हा सारा पट्टा काही तासांत झोपवला. त्याला आता पाच वर्षे उलटून गेली. मंत्र्यांचे दौरे झाले, पंचनामे झाले, धनादेशही निघाले. शासनाच्या दफ्तरी हे प्रकरण मिटले आहे. आमचे म्हणणे असे की ते अजून नीट सुरूच झालेले नाही. आणि ज्या राज्याला शेकडो किलोमीटरचा किनारा आहे, त्या राज्याने आपद्ग्रस्तांचे प्रकरण असे मिटवणे हा गुन्हा आहे.

आधी त्या हिशेबाकडे पाहू, कारण अन्यायाचे मूळ तिथे आहे. केंद्राच्या आपत्ती निधीचे त्या वेळचे निकष बहुवार्षिक फळबागेसाठी हेक्टरी १८,००० रुपये देत होते, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. राज्याने आपल्या पदरची भर घालून ते ५०,००० केले. मुंबईत बसून ऐकताना हा आकडा मोठा वाटतो. पण श्रीवर्धनच्या वाड्या हेक्टरात मोजत नाहीत, गुंठ्यात मोजतात. हेक्टरी पन्नास हजार म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. दहा गुंठ्यांची वाडी असलेल्या माणसाच्या हाती पाच हजार! पडलेली झाडे कापून, त्यांचे बुंधे आणि मुळांचे गड्डे अरुंद पाखाडीतून बाहेर काढायलाच मजुरी याच्या कितीतरी पट लागली. पुढे हेक्टर सोडून झाडांवर मोजणी आली; दहा गुंठ्यांत एकशे चाळीस पोफळी पडल्या असे धरले तर सात हजार रुपये. वाडी साफ करण्याचा खर्च तेवढ्यातून निघाला नाही. नवी वाडी उभी करण्याची गोष्ट तर दूरच.

कोळीवाड्यांसाठी केंद्राच्या त्याच निकषांत काय लिहिले होते, तेही महाराष्ट्राला कळू द्या. होडी पूर्ण नष्ट झाली तर ९,६०० रुपये. मोडली असेल आणि दुरुस्त होण्याजोगी असेल तर ४,१००. जाळे पूर्ण गेले तर २,६००. ज्याने कधी किनाऱ्यावर पाय ठेवला नाही, लाकडाचा, फायबरचा, इंजिनाचा भाव ज्याला ठाऊक नाही, त्याच माणसाला असे आकडे सुचू शकतात. राज्ये वरून थोडीफार भर घालत, पण पाया हाच होता. नऊ हजार सहाशे रुपयांत होडी कुठे मिळत होती, ते हे निकष लिहिणाऱ्यांनी आम्हाला दाखवावे. आम्ही त्या गावी जाऊन तिथल्या सुताराचे पाय धरू.

कुणी म्हणेल, मदत म्हणजे भरपाई नव्हे, ती तातडीचा आधार असते. कबूल. दोन वेळचे अन्न, डोक्यावर ताडपत्री, अंगावर कपडा यासाठी तातडीचा आधार हवा आणि तो त्वरित द्यावा. पण मग त्या आधारानंतर काय? आमचा सारा राग या प्रश्नापाशी येऊन थांबतो. कारण आपल्या राज्यात त्यानंतर काहीच नाही. पंचनाम्यासाठी तलाठी आहे, वाटपासाठी तहसीलदार आहे, पाहणीसाठी मंत्री आहे. वादळानंतरच्या तिसऱ्या वर्षी त्या कुटुंबाचे काय चालले आहे, हे विचारायला एकही माणूस नेमलेला नाही. पंचनाम्याला आपण पुनर्वसन म्हणू लागलो. या एका चुकीपायी कोकणातली हजारो कुटुंबे कायमची एक पायरी खाली ढकलली गेली आहेत.

पोफळीचे कॅलेंडर मंत्रालयाच्या कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे रोप लावल्यापासून बार धरायला सहा-सात वर्षे जातात, भरघोस उत्पन्न यायला त्याहून जास्त. माडाचेही तसेच. त्यातून पोफळीचे रोप उन्हाला नाजूक. उंच माडांच्या आणि केळींच्या सावलीत ते वाढते. वादळाने माड पाडले, म्हणजे सावलीही पाडली. उघड्या पडलेल्या वाडीत लावलेली रोपे पहिल्याच चैत्र-वैशाखात करपू लागतात. म्हणून आधी केळी लावायच्या, त्या वाढू द्यायच्या, मग रोपे. मग शिंपणे, राखणे, मेलेल्या रोपांच्या जागी पुन्हा रोपे. पोफळीवर चढवलेली मिरवेल गेली, मधले जायफळ गेले. वाडी ही थरांची शेती आहे. एक थर कोसळला की सगळे कोसळतात आणि पुन्हा उभे राहतात ते एकेक करून. जून २०२० मध्ये वाडी गमावलेल्या, पण धीर न सोडता त्याच पावसाळ्यात रोप लावलेल्या बागायतदाराची पोफळ आता कुठे फळाला येऊ लागली असेल. मधल्या वर्षांत त्या घराने काय खाल्ले? मुलीचे शिक्षण कशावर चालले? सोसायटीचे कर्ज कशातून फेडले? शासनाकडे या प्रश्नांचे उत्तर नाही. हे प्रश्न विचारणारा रकानाच त्याच्या कोणत्याही अर्जात नाही.

आंबा-काजूला निदान फळपीक विम्याची छत्री होती, तीही गळकी. निसर्गच्या वेळी पोफळीला ती छत्रीसुद्धा नव्हती. रोजगार हमीतून फळबाग लावा, असे सांगण्यात आले. योजना चांगली आहे, आम्ही तिला नावे ठेवणार नाही. पण तिच्यासाठी सातबाऱ्यावर स्वतःचे नाव हवे, आणि कोकणातल्या वाडीचा सातबारा म्हणजे आजोबा, त्यांचे चार भाऊ, त्यांची मुले, पुण्या-मुंबईला गेलेले चुलते, सासरी गेलेल्या आत्या! राबणारा एक, नावे बावीस. भरपाई आली तेव्हा बावीस जणांची संमतिपत्रे गोळा करण्यात वर्ष गेले, आणि टाळेबंदीच्या त्या दिवसांत तर एसटीसुद्धा धावत नव्हती.

हा दोष एकट्या सरकारचा नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. कोकणी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या टाळल्या. भावकीची भांडणे जपली, फेरफार जपले नाहीत. मुंबईतल्या चाकरमान्याला गणपतीत गावच्या घरी मान हवा असतो. पण वाडीत घाम गाळणाऱ्या भावजयीचे नाव सातबाऱ्यावर लागावे म्हणून एक सही करायला तो येत नाही. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची 'लक्ष्मी मुक्ती' योजना या राज्यात १९९२ पासून आहे. किती घरांनी तिचा लाभ घेतला? आपल्या घरातल्या बाईला आपण कागदावर आणत नाही, आणि मग वादळानंतर सरकारने तिला शोधून काढावे अशी अपेक्षा करतो. विधवा, परित्यक्ता, नवरा परगावी असलेली स्त्री वाडी सांभाळते आणि पंचनाम्यात तिची ओळख 'अमुकची बायको' एवढीच राहते. ही लाज आपली आहे. ती सरकारच्या माथी मारून चालणार नाही.

आणि ज्यांच्या नावावर सातबाराच नाही, त्यांचे काय? वाडीत रोजाने शिंपायला जाणारा, माडावर चढून नारळ पाडणारा, सुपारी सोलणाऱ्या बायका, रायगडातल्या डोंगरउतारावरच्या वाड्यांतले कातकरी यांची एकही पोफळ पडली नाही, कारण त्यांच्या मालकीची एकही पोफळ नव्हती. त्यांची पडली ती मजुरी. पुढची सहा वर्षे वाडीत कामच नाही! भरपाईच्या यादीत त्यांच्यासाठी ओळ नाही. तीच गत कोळणीची. होडीचा पंचनामा होतो. डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव म्हावरं विकणाऱ्या, वलांडीवर बोंबील वाळवून पावसाळ्याची बेगमी करणाऱ्या बाईच्या बुडालेल्या भांडवलाचा पंचनामा कोण करतो? कोळीवाड्यातल्या कितीतरी घरांखालची जमीन आजही त्यांच्या नावावर नाही. शेकडो वर्षे ज्या वाळूवर त्यांनी जाळी सुकवली ती सरकारी, घराला मिळकतपत्रिका नाही, आणि घर पडले की पहिला सवाल होतो, 'कागद दाखवा.' ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्यालाच आपत्तिग्रस्त मानायचे, असा हा न्याय. वाऱ्याने जात-वर्ग पाहिला नव्हता. यादीने पाहिला.

निसर्गमध्ये माणसे थोडी दगावली. हवामान खात्याने वेळेत इशारा दिला, करोनाच्या भयातही प्रशासनाने किनाऱ्यावरची हजारो माणसे हलवली, आणि त्याबद्दल तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सर्वांना श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो. पण त्यातूनच एक विपरीत गोष्ट घडली. मृतांचा आकडा लहान म्हणून संकटही लहान ठरले. चार दिवसांत बातमी आतल्या पानावर गेली आणि आठवड्यात गळून पडली, वर्तमानपत्रांतूनसुद्धा, हे आम्ही आमच्या व्यवसायाबद्दल खेदाने लिहितो. कित्येक गावे महिनाभर आणि त्याहूनही जास्त काळ अंधारात होती. विजेविना विहिरीचा पंप बंद, म्हणजे पाणी नाही. मनोरा पडलेला, म्हणजे फोन नाही. मुले ऑनलाइन शिकत आहेत असे शिक्षण खाते सांगत होते, तेव्हा श्रीवर्धन-मंडणगडच्या मुलांना घरात दिवा नव्हता आणि अनेक शाळांवर छप्पर नव्हते. या अवस्थेत वर्ष काढले न काढले, तोच मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आले. त्याने सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा किनारा झोडपला, देवगडला नांगरलेल्या नौका फोडल्या, मुंबईच्या समुद्रात पी-३०५ तराफा बुडवून सत्तरहून अधिक कामगारांचे प्राण घेतले. त्याआधी २०१९ मध्ये 'क्यार' येऊन गेले होतेच. तीन वर्षांत तीन तडाखे. अरबी समुद्राचे पाणी तापते आहे, जोरदार चक्रीवादळे वाढली आहेत, असे शास्त्रज्ञ बजावून सांगत आहेत. मग 'असे वादळ पुन्हा कुठे येणार' या समजुतीवर राज्य चालवणे हा वेडेपणा आहे.

मन लावले तर काय होऊ शकते, हे पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशाची सुमारे दहा हजार माणसे गेली. गरीब म्हणून ज्याची हेटाळणी होते त्या राज्याने त्याच वर्षी आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापले, किनाऱ्यावर शेकडो निवारे बांधले, गावोगावच्या तरुणांना तयार केले. २०१३ च्या 'फायलिन'मध्ये जवळजवळ दहा लाख माणसे हलवली आणि बळींचा आकडा पन्नासच्या आत ठेवला. तामिळनाडूने २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमच्या मच्छीमारांसाठी कायमची घरे बांधली आणि त्यांचे पट्टे नवरा-बायको दोघांच्या नावे दिले. एका सरकारी आदेशाने हजारो कोळणी घराच्या मालक झाल्या! महाराष्ट्राने ही एक गोष्ट जरी उचलली असती, तरी आमचा अर्धा अग्रलेख वाचला असता.

पण नागपट्टिणमच्या चुकाही पाहून ठेवल्या पाहिजेत. तिथे दात्यांनी फायबरच्या होड्या इतक्या वाटल्या की समुद्रात मासे कमी आणि होड्या जास्त अशी गत झाली. मासेमारीवर जगणारे पण होडी नसलेले दलित आणि इरुळर आदिवासी मदतीच्या रांगेत शेवटी राहिले, काही ठिकाणी रांगेबाहेरच. किनाऱ्यापासून दोनशे मीटरच्या आत राहणाऱ्या माणसाला त्यापलीकडे नवे घर फुकट, पण त्यासाठी किनाऱ्यावरची जुनी जागा सोडायची, असा पर्याय ठेवला गेला. कोळ्याला किनाऱ्यापासून दूर नेणे म्हणजे त्याचा धंदा तोडणे. उद्या कोकणात सुरक्षेच्या नावाखाली कोळीवाडे आत ढकलायचे आणि मोकळ्या झालेल्या वाळूवर रिसॉर्ट उभारायचे, असा डाव कुणी मांडला तर त्याला आमचा विरोध राहील. किनारा धोक्याचा असेल तर तो धनिकाच्या तरणतलावालाही धोक्याचाच असला पाहिजे.

आणि महाराष्ट्राला कशाला कुणाकडून शिकायला हवे? १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर याच राज्याने बावन्न गावे नव्या जागी वसवली, वर्षानुवर्षे स्वतंत्र यंत्रणा चालवली. तिथेही ज्याची जमीन जास्त त्याचे घर मोठे, भूमिहीनाला अडीचशे चौरस फूट आणि मोठ्या जमीनदाराला साडेसातशे, असा विषम न्याय झाला, आणि त्याचा निषेध तेव्हाही व्हायला हवा होता. पण कित्येक वर्षांचे काम म्हणून ते अंगावर घेतले गेले, ही गोष्ट खरी. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा देशात सर्वांत आधी करणारे राज्यही महाराष्ट्रच, १९७६ मध्ये. धरणाने उठवलेल्या माणसाला निदान कागदावर हक्क आहे. वादळाने उठवलेल्याला कृपा आहे. हा भेद आम्हाला मान्य नाही.

पैसा नाही, हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी आपत्तीच्या निधीची विभागणी करताना चाळीस टक्के तातडीच्या मदतीला ठेवले आणि तीस टक्के सावरणे व पुनर्उभारणी यासाठी वेगळे काढले. पुनर्उभारणी ही मदतीपेक्षा निराळी गोष्ट आहे, हे देशाच्या वित्त आयोगाने मान्य केले आहे; मान्य करायचे राहिले आहे ते तालुक्याच्या कचेरीने. राज्यानेही २०२१ मध्ये कोकणासाठी सुमारे ३,२०० कोटींच्या आपत्ती सौम्यीकरण प्रकल्पाला मंजुरी दिली. भूमिगत वीजवाहिन्या, निवारे, धूपप्रतिबंधक बंधारे हे सगळे हवेच आहे. पण या यादीत दगड आणि सिमेंट भरपूर, माणसाची मिळकत कुठे? बंधाऱ्याला ठेकेदार मिळतो म्हणून बंधारा आधी होतो. पोफळीच्या रोपाला ठेकेदार मिळत नाही.

केंद्राने तर उलटी पावले टाकली आहेत. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या तेराव्या कलमात भीषण आपत्तीतल्या माणसाला कर्जफेडीत सवलत देण्याची शिफारस करण्याची तरतूद होती. ती वापरली फारशी गेली नाही, पण होती. २०२५ च्या दुरुस्तीने ते कलमच काढून टाकले. ज्याची वाडी गेली, होडी गेली, त्याचे कर्ज मात्र राहिले पाहिजे, असा या दुरुस्तीचा अर्थ होतो. महाराष्ट्राच्या खासदारांपैकी किती जण यावर पेटून उठले, हे किनाऱ्यावरच्या मतदाराने आपल्या खासदाराला समोरासमोर विचारावे.

आमची मागणी साधी आहे आणि ती आम्ही लपूनछपून करत नाही. महाराष्ट्राने किनारपट्टीच्या पुनर्वसनाचा कायदा करावा आणि त्याची मुदत झाडाच्या वयाने ठरवावी. वाडी पडली तर नवी वाडी उत्पन्न देईपर्यंत, निदान सात वर्षे, त्या घराला दरवर्षी निर्वाहभत्ता मिळाला पाहिजे, आणि त्या वाडीवर जगणाऱ्या मजुराला तेवढी वर्षे हक्काचे काम. रोपे, सावलीची केळी, पाणी ही जबाबदारी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आणि श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्राने गाव दत्तक घेऊन उचलावी. तिथे ज्ञान आहे, त्याला माणसे आणि पैसा द्या. होडी-जाळ्याचा मोबदला बाजारभावाने ठरवा. मच्छीमारांचा डिझेल परतावा वर्षानुवर्षे थकवणाऱ्या शासनाने निदान वादळाच्या वर्षी तरी तो पहिल्या महिन्यात चुकता करावा. कोळीवाड्यांची मोजणी करून घराखालची आणि जाळी सुकवण्याची जागा त्यांच्या नावे करा, नवरा-बायको दोघांच्या नावे. सामाईक सातबाऱ्याच्या गावी भरपाई वहिवाटदाराला द्या. मालकीचे वाद न्यायालयात चालू देत, राबणाऱ्याचे पोट त्यासाठी थांबणार नाही. आणि प्रत्येक बाधित तालुक्यात एक अधिकारी असा नेमा ज्याची बदली सात वर्षे होणार नाही आणि जो दरवर्षी ३ जूनला ग्रामसभेपुढे उभा राहून हिशेब देईल.

यातली एकही मागणी अशक्य नाही. महामार्गांसाठी जमीन घेताना याच शासनाला बाजारभावाच्या कित्येक पट मोबदला देता येतो. तिथे निकष आड येत नाहीत, तिजोरी आटत नाही. मग समुद्राने ओरबाडलेल्या माणसापुढेच हात आखडतो का?

कोकणच्या मतदारांनो, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी आणि क्रिकेटच्या चषकाची देणगी घेऊन जो पुढारी दारात येईल, त्याला या वेळी पोफळीचा भाव विचारा. येत्या ग्रामसभेत ठराव करा. गावात आपत्तीने कुणाचे काय गेले त्याची यादी तुम्ही स्वतः तयार करा, आणि तीत सातबारा असलेल्यांच्या आधी नसलेल्यांची नावे लिहा. मजुराचे, कातकऱ्याचे, कोळणीचे नाव त्यात असू द्या. वाडीत राबणाऱ्या आपल्या घरच्या बाईचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचा अर्ज त्याच दिवशी तलाठ्याकडे द्या. ती यादी आणि तो ठराव तहसीलदाराला द्या, पोच घ्या, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला त्या कचेरीत जा. पुढचे वादळ येण्याआधी हा कायदा झाला पाहिजे.